झाकणाच्या आतली बासरी

पहिलाच स्क्रू सहज फिरला आणि विवेकचा हात थांबला. कंपनीत आवळलेला स्क्रू असा फिरत नाही. तो आधी अडून बसतो, मग कट्‌ असा आवाज करून सुटतो. तो आवाज विवेकच्या मनगटाला आयुष्यभराच्या ओळखीचा होता. हा मात्र लोण्यातून निघावा तसा निघाला. दुसराही तसाच. म्हणजे हा डबा आधी कुणीतरी उघडलेला होता. पण उघडणार कोण? डबा त्याच्या स्वतःच्या घरातला. योगिनीनं, त्याच्या मुलीनं, पुण्याहून आईसाठी पाठवलेला. समोर वीतभर पडदा, वर कॅमेऱ्याचा डोळा, आत इंटरनेटची सोय. आईनं पडद्यावर बोट ठेवलं की लेक समोर. लेक कामात असली तर निरोप बोलून ठेवायचा, तो डब्यात साठून राही आणि लेक सवडीनं बघे. रेणुका, त्याची बायको, गेल्यावर डबा टीव्हीशेजारी तसाच राहिला, आणि मग एक दिवस ती सोय चालवणाऱ्या कंपनीनंच दुकान गुंडाळलं. आता चालू केला की पडद्यावर एक गोल फिरत राही. नुसता फिरे, पुढं काही नाही. मागच्या आठवड्यात योगिनी फोनवर म्हणाली, "बाबा, त्याच्यात आईचे निरोप आहेत. माझ्याकडचे सगळे गेले, कंपनीबरोबर. डब्यात असतील ना? तुम्ही काढाल ना? मागं माईक बंद पडला होता तो तुम्हीच दुरुस्त केला होता की." विवेक म्हणाला, "काढतो ना." आणि फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, माईक मी कुठं दुरुस्त केला होता? पण पोरीनं कौतुकानं म्हटलं होतं. कौतुक खाली कसं ठेवायचं ते त्याला कधी जमलं नाही. त्यानं ते खिशात टाकलं.

झाकण उलटं करून त्यानं आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराकडच्या उजेडात धरलं, आणि त्याला बासरी दिसली. काळ्या मार्करनं ओढलेली एक तिरपी रेघ, तिच्यावर ओळीनं ठिपके, बाजूला महिना आणि साल. नानलपेठेतल्या, स्टेशन रोडवरच्या, साऱ्या परभणीतल्या मेकॅनिकांना ती खूण माहीत होती. बन्सीधरची खूण. आणि बन्सीधरला खूण करायला शिकवलं कोणी? विवेकनंच. बन्सीधर त्याच्या हाताखाली शिकत असताना, याच बाकड्यावर. "झाकण लावायच्या आधी आतून आपली खूण कर. उद्या गिऱ्हाईक म्हणतं, तुमीच बिघडवलं. उघडलं की कळतं, कोणाचा हात लागलाय ते." तेव्हा बन्सीधर विचारात पडला होता, खूण कसली करावी. विवेकची स्वतःची खूण होती वर्तुळातला वि. बन्सीधरनं मग बासरी काढली आणि लाजून हसला होता. पुढं तो दुकान सोडून गेला, बस स्टँडजवळ त्यानं स्वतःचं मोबाईलचं दुकान टाकलं, आणि विवेकची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं गेली. विवेक त्याच्या दुकानाची पायरी कधी चढला नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवायची, एवढंच. आणि आता त्याच्या घरातल्या डब्यात, बायकोच्या डब्यात, ती बासरी. विवेकनं झाकण पटकन पालथं घातलं, कुणी बघत असल्यासारखं. दुकानात कुणी नव्हतं. बाहेर उन्हात रस्ता पांढरा पडला होता आणि समोरचा झेरॉक्सवाला दारात खुर्ची टाकून पेंगत होता. तरी विवेकचे कान तापले.

महिना त्यानं लगेच ओळखला. उरुसाचा महिना. उरुसाच्या दिवसांत परभणीत ज्याच्या-त्याच्या अॅम्प्लिफायरला अचानक ताप येतो. पाळणेवाले, मौत का कुआँवाले, कव्वालीवाले, खेळणी विकणारे, सगळे भोंगे आणि डबे घेऊन विवेकच्या दारात उभे. त्या दिवसांत तो घरी जेवायला यायचा तोही अर्धा दुकानातच असल्यासारखा. रेणुका ताट वाढता वाढता म्हणाली होती, "अहो, माझा आवाज तिकडं जाईना बघा. योगी म्हणते, आई तोंड हलायलंय नुसतं." तो म्हणाला, "बघतो ना. रविवारी." पुढच्या रविवारी तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो आडवा झाला होता. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं सांगितलं नाही, नुसता डबा पुसून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो सरकवून त्या जागी पाण्याचा तांब्या ठेवला. हे सरकवणं आता त्याला दिसलं. तेव्हा दिसलं नव्हतं. डब्याची कड त्याच्या बोटांना पुन्हा लागली, गुळगुळीत, थोडी गरम. त्या दिवसांत ती योगिनीशी हातवारे करून बोलायची. जेवलीस का विचारायचं तर भाकरीच पडद्यापुढं धरायची. पोरीला सर्दी झाली तेव्हा तुळशीची काडी धरली, आलं धरलं, मधाची बाटली धरली, आणि तिकडून योगिनी हसून हसून बेजार. विवेकही हसला होता. त्याला गंमत वाटली होती. चांगला मेकॅनिक नवरा घरात बसून बायकोची मुकी गंमत बघत होता. आणि एक दिवस संध्याकाळी तो घरात शिरला तर रेणुका पडद्यासमोर बसून सरळ बोलत होती, आणि तिकडून योगिनीचं उत्तर येत होतं. "झाला का नीट?" त्यानं विचारलं. ती वळून म्हणाली, "झाला." एवढंच. आणि त्याला वाटलं, आपोआप सुधारला. गिऱ्हाइकांना तो रोज सांगायचा की यंत्र आपोआप बिघडतं, आपोआप सुधारत नाही. एखादा म्हणाला, काल बंद होता, आज चालायलाय, की विवेक त्याची टर उडवायचा. "मग त्याला उदबत्ती लावा." आणि घरात मात्र त्यानं उदबत्ती लावून टाकली होती.

त्यानं झाकण न बघता बाजूला ठेवलं आणि आतल्या हिरव्या पाटीकडं, सर्किटकडं, पाहिलं. पाटीच्या कडेला ओळीनं चार बारीक भोकं होती, रिकामी, कडेनं चांदीसारखी चकाकणारी. बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं मागचं दार. कारखान्यात या भोकांमधून पाटीशी बोलतात, ती काय करते आहे ते तिच्याच तोंडून ऐकतात, आणि माल बाहेर पाठवताना दार तसंच सोडून देतात. पडदा अडकला असला तरी इथून आत जाता येतं, हे विवेकनं फोनवरचे व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. चारांतलं एक भोक विजेचं, त्याला तार लावायची नाही. एक जमिनीचं, म्हणजे अर्थिंगचं. एक पाटीच्या बोलण्याचं, एक तिच्या ऐकण्याचं. या भोकांत पिना बसवायच्या, झाळायच्या, तिथून तारा काढून कॉम्प्युटरला जोडायच्या. पण तार साधी चालत नाही. त्याच्या कपाटातली जुनी तार होती जुन्या कॉम्प्युटरच्या काळातली, तिचा विजेचा दाब जास्त. लावली असती तर पाटी जळून रेणुकाचे निरोप कायमचे गेले असते. नवी, कमी दाबाची तार परभणीत एकाकडंच असणार. नांदेडहून मागवली तरी चाललं असतं. तो तसं ठरवूनच उठला होता, पण कुलूप लावल्यावर पाय स्टँडकडं वळले. झाकण त्यानं रुमालात गुंडाळून बरोबर घेतलं. का घेतलं, ते त्याला कळलं नाही. जाताना त्याला वाटत राहिलं की स्टेशन रोडवरच्या सगळ्यांना माहीत होतं. केबलवाल्याला, चहावाल्याला, घड्याळवाल्याला. विवेकभाऊची बायको डबा घेऊन बन्सीधरकडं गेली होती, हे चहाबरोबर बोललं गेलं असणार. आणि हा माणूस त्यांच्यामधून ताठ मानेनं फिरत होता.

बन्सीधरच्या दुकानात पंखा मोठ्यानं फिरत होता. तो मोबाईलवर वाकला होता, डोळ्याला भिंग लावून. वर बघून तो आधी उठला, मग हसला. "या ना भाऊ. आज रस्ता चुकलात काय?"

"नाही. एक तार पायजे होती. कमी दाबाची, पाटीला लावायची."

"हाय की. बसा तर. चा सांगतो."

"चहा नको."

बन्सीधरनं खण उघडला, बरण्या हलवल्या, आणि एका टोकाला रंगीत शेपट्या असलेली तार काढली. "पाटीची सीरियल लाईन काढायलात व्हय? कशाचं?"  विवेक तार हातात घेऊन तिच्या शेपट्या मोजल्यासारख्या बघत राहिला, काळी, हिरवी, पांढरी, लाल. बन्सीधरनंच मग रुमालाकडं पाहिलं. रुमालातून झाकणाचा कोपरा बाहेर आला होता. त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ, मी सांगणार व्हतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वैनीनं शपथ घातली व्हती." बन्सीधरनं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "डबा टॉवेलात गुंडाळून आणला व्हता. रिक्षात मांडीवर घेऊन, लेकरागत. मी म्हणलो, भाऊकडं टाका की, मी काय त्यायच्यापेक्षा जास्त शिकलोय? तर म्हणल्या, त्यांना फुरसत न्हाई, उरुस हाय. अन् म्हणल्या, कळलं तर मनाला लावून घेतील. चा बी घेतला न्हाई. उभ्याउभ्याच थांबल्या माईक बसवूस्तोवर."

"उभी राहिली?"

"खुर्ची देली व्हती. न्हाई बसल्या. आन भाऊ, बुरा मानू नका, पर म्या खूण केली ती तुमच्यासाठीच केली. कवा ना कवा तुमी उघडताल, म्हणलं. तोंडानं सांगायची बंदी व्हती, झाकणाला न्हाई."

विवेकला काहीतरी बोलायचं होतं. काय ते त्याला माहीत होतं, पण त्यानं रुमालाचा कोपरा झाकणावर ओढला. तो "तार परत आणून देतो" म्हणाला. पायरी उतरताना मागून बन्सीधर म्हणाला, "भाऊ, तार उलटी लावा बरं. पाटीचं बोलणं आपल्या ऐकण्याला." विवेक वळून न बघता म्हणाला, "माहीत आहे."

माहीत होतंच. तरी दुकानात येऊन त्यानं चुकीचं लावलं. पिना बसवताना त्याचे हात चांगले होते. भोकांवर फ्लक्स फिरवला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर पुसलं, एका भोकाला टेकवलं, आणि सोल्डरची तार लावताच ती वितळून थेंबासारखी पिनेभोवती बसली. धूर वर आला. त्या धुराचा वास कडू-गोड, आणि तो वास म्हणजे रेणुकाचं एकच वाक्य होतं, "आधी हात धुऊन या, भाकरीला वास लागतोय." आयुष्यभर म्हटलेलं. तो कधी धुवायचा, कधी नुसते पाण्याखाली धरायचा. ती वास घेऊन परत पाठवायची. त्यानं चारही पिना झाळल्या, जमिनीची पीन मीटर लावून शोधली, आणि तारा लावताना बोलणं बोलण्याला आणि ऐकणं ऐकण्याला लावलं. कॉम्प्युटरवर काळी चौकट उघडली आणि काळीच राहिली. डबा चालू, बंद, चालू. काही नाही. तो बराच वेळ त्या काळ्या चौकटीकडं बघत बसला. दोघंही आपापल्या तारेवर बोलत होते आणि दोघांचे कान रिकामे होते. मग त्यानं हिरवी आणि पांढरी शेपटी अदलाबदल केली. चौकटीत अक्षरं आली, पण सगळी वेडीवाकडी, चौकोन आणि फुल्या, जशी वेड्यानं भिंतीवर लिहावीत. वेग जुळत नव्हता. पाटी भराभर बोलत होती आणि हा सावकाश ऐकत होता. त्यानं वेग वाढवला, आणि एकदम सरळ ओळी धावायला लागल्या. जागा झालो. मेमरी सापडली. पडदा सापडला. कॅमेरा सापडला. माईक सापडला. कंपनीला हाक मारतो. उत्तर नाही. पुन्हा हाक मारतो. उत्तर नाही. इंग्रजीतल्या त्या ओळी विवेक एकेक वाचत गेला. पडद्यावर जो नुसता गोल फिरत होता, त्याच्या आत हे चाललं होतं. डबा इतके दिवस टीव्हीशेजारी बसून हाका मारत होता, आणि घरात ते कुणाला ऐकू येत नव्हतं. विवेकनं एंटर दाबलं. ओळी थांबल्या. एक टिंब लुकलुकत राहिलं. दार उघडलं होतं. आता तो बोलेल ते डबा ऐकणार होता.

निरोप होते. सगळे होते, तारखेनं लावलेले. त्यानं ते पेनड्राइव्हवर उतरवले आणि कॉम्प्युटरवर एकेक उघडले. रेणुका जवळ येऊन पडद्यात बघते, नाक मोठं दिसतं. जेवलीस का. ऑफिसात स्वेटर घेऊन जात जा. पिंगळीला मामाकडं बारसं झालं, तुझी आठवण काढली सगळ्यांनी. बाबा बरे आहेत. बाबा दुकानात आहेत. बाबा झोपलेत, उठवत नाही. प्रत्येक निरोपात बाबा कुठंतरी होते आणि कुठल्याही निरोपात चौकटीत नव्हते. एकदा मागून त्याचा हात दिसला, पाण्याचा तांब्या घेणारा. तेवढाच. उरुसाच्या महिन्यातले निरोप आले, ज्यांत तिचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. ते त्यानं पूर्ण बघितले. पहिल्यांदा. आणि मग एक आला, 'पाठवला नाही' अशी खूण असलेला, ज्यात चित्र भलतंच होतं. छत, पंखा, लटकणाऱ्या चार्जरच्या वायरी. मागं एसटीचा हॉर्न, आणि कुणीतरी कंडक्टर ओरडतोय, पाथरी, पाथरी. बन्सीधरचा आवाज, "बोला वैनी आता. काय बी बोला. आवाज येतोय का बघू." मग रेणुका, बाजूनं, हसू दाबत. "काय बोलू? तुमच्या दुकानात असाच वास आहे बघा, ह्यांच्या हाताला येतो तसा. मी रोज धुवायला लावते हात. खरं तर मला आवडतो तो वास, पण सांगायचं नाही, नाहीतर धुणारच नाहीत." बन्सीधर हसला. "आणखी बोला. लांबून बोला जरा." थोडा वेळ पंख्याचाच आवाज. मग रेणुका, सावरून, मोठ्यानं, शाळेत कविता म्हणावी तसं, "योगे, ऐकू येतंय का? बाबांनी दुरुस्त केलं बघ. उरुसाचं एवढं काम असताना वेळ काढून केलं." थांबली. "हो बन्सीधर, खरं वाटतंय का?" "वाटतंय वैनी." "नाही, जरा आणखी एकदा म्हणते. बाबांनी दुरुस्त केलं बघ." मग पुन्हा म्हणाली, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज अगदी सहज आला. तिसऱ्यांदा ते खरंच झालं.

विवेकनं निरोप थांबवला. पडद्यावरचा पंखा स्थिर झाला. दुकानात त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि तो त्याला नको होता. तिला तिथं उभं राहून, परक्या दुकानात, त्याच्यासाठी खोटं पाठ करावं लागलं होतं. डॉक्टरकडं जाताना आजार पाठ करतात तसं. आणि पाठ करताना ती हसत होती. तीच गोष्ट त्याला सहन होईना. रागावली असती तर तो राग त्याला घेता आला असता. त्यानं तिला नांदेडच्या दवाखान्यात शेवटी बघितलं ते तोंडाला नळी लावलेलं. तेव्हाही ओठ हलत होते आणि आवाज नव्हता, आणि तो वाकून म्हणाला होता, "राहू दे, बरं वाटल्यावर बोल." तेव्हाही पुढं ढकललं. आता काळ्या चौकटीत टिंब लुकलुकत होतं. हा एक निरोप पुसायला दोन अक्षरांचा हुकूम आणि निरोपाचं नाव, एवढंच लागलं असतं. डब्यातून पुसायचा, पेनड्राइव्हवरून पुसायचा. योगिनीला बाकीचे सगळे मिळाले असते. तिला कधी कळलंही नसतं की आणखी एक होता. बन्सीधर तोंड उघडणार नाही, शपथ होती. झाकण लावलं की बासरी आत. आणि पोरीच्या मनात बाबा राहिले असते, उरुसाचं काम टाकून आईचा माईक नीट करणारे. रेणुकानं तिसऱ्यांदा सहज म्हटलं तसे. तिलाही तेच हवं होतं, त्यासाठीच तर ती उभी राहिली. पुसलं तर तिचंच ऐकलं असं होईल, असं तो स्वतःला सांगत गेला, आणि सांगता सांगता त्यानं पहिलं अक्षर दाबलं, मग दुसरं. चौकटीत ती दोन अक्षरं आली आणि त्यांच्यापुढं टिंब लुकलुकत राहिलं, नावाची वाट बघत. त्यानं नाव टाईप करायला सुरुवात केली. निरोपाचं नाव म्हणजे नुसता तारखेचा आकडा. आकडा निम्मा झाला आणि त्याला ऐकू आलं, तिनं ताट वाढताना म्हटलं तसं, अगदी त्याच चालीवर, माझा आवाज तिकडं जाईना बघा.

त्यानं आकडा मागं मागं पुसत नेला. मग ती दोन अक्षरंही.

बाकीचं काम त्यानं मेकॅनिकसारखं केलं. सगळे निरोप योगिनीला पाठवले, क्रमानं, काही न वगळता. ते जात असताना त्यानं तारा काढल्या, बन्सीधरची तार नीट गुंडाळून खिशात ठेवली. पिना त्यानं काढल्या नाहीत. दार राहू दे. झाकण उचललं आणि मार्कर घेतला. बासरीच्या खाली जागा होती. रिवाजाप्रमाणे तिथं वर्तुळातला वि यायला हवा होता, महिना-साल घालून. त्यानं मार्करचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. झाकण न लावताच डबा तसा उघडा ठेवला. मग नळावर जाऊन हात धुतले, साबण लावून, नखांतून, आणि वास घेऊन बघितला. वास होताच. तो पुन्हा धूत असताना फोन वाजला. ओल्या हातानंच त्यानं घेतला. तिकडून पहिल्यांदा काहीच आलं नाही, नुसता श्वास. त्याला वाटलं, लाईन गेली.

"योगी, आवाज येतोय का?"

"येतोय बाबा." मग, "बाबा, ती कुठं बोलतेय? तो पंखा कुणाचा आहे?"

"बन्सीधरच्या दुकानातला," विवेक म्हणाला. "डबा तिथं नेला होता तिनं. मी बघितलाच नव्हता."

 नळ चालू राहिला होता, तो त्यानं बंद केला, म्हणजे तिचं काही आलं तर ऐकू येईल. कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं. समोरचा झेरॉक्सवाला जागा होऊन शटर वर ढकलत होता. योगिनी काय म्हणेल ते विवेकला माहीत नव्हतं. तो फोन कानाला लावून उभा राहिला. रविवारी बोलू, असं तो म्हणाला नाही.